सोडियमच्या भट्टीवर संगणकाचा पहारा : कल्पाक्कमची नियंत्रण यंत्रणा

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर, समुद्रकाठी वसलेल्या कल्पाक्कम येथे ४ मार्च २०२४ रोजी देशातील पहिल्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या द्रुतप्रजनक अणुभट्टीचा गाभा भरण्याच्या कामास पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत प्रारंभ झाला. या प्रकल्पासाठी २००३ साली ‘भाविनी’ ही सरकारी कंपनी स्थापन करण्यात आली होती. मूळ मंजूर खर्च ३,४९२ कोटी रुपयांचा होता. २००४ साली बांधकाम सुरू झाले आणि २०१० साली वीजनिर्मिती अपेक्षित होती. गाभा भरण्याचा दिवस उजाडण्यास त्यानंतर तेरा-चौदा वर्षे लागली.

या विलंबाची कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चाही पुष्कळ झाली आहे. अणुभट्टीचे महाकाय पोलादी पात्र, सोडियमचे पंप, बाष्पजनित्रे यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. तुलनेने ज्या भागाकडे लक्ष गेले नाही, तो म्हणजे या साऱ्या यंत्रसामग्रीवर अहोरात्र नजर ठेवणारी संगणकीकृत नियंत्रण यंत्रणा. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात तिची आखणी व विकास अनेक वर्षे चालू होता. अशी यंत्रणा उभारताना यंत्र चालवणे हा प्रश्न फारसा कठीण नसतो. संवेदकाने पाठवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे यंत्राने कसे ठरवावे, हा खरा कठीण प्रश्न असतो.

सवड थोडी, दृष्टी नाही

तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे यांत संगणकाद्वारे नियंत्रण आता नवे राहिलेले नाही. १९७५ साली अमेरिकेतील हनीवेल आणि जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. तेव्हापासून एका मोठ्या संगणकाऐवजी अनेक लहान संगणक कारखान्यात ठिकठिकाणी बसवायचे, त्यांनी आपापल्या भागाचे काम पाहायचे आणि नियंत्रण कक्षाला माहिती पाठवायची, ही पद्धत जगभर रूढ झाली. कल्पाक्कमची रचनाही मुळात याच धर्तीची आहे. मात्र कारखान्यातील तापमान चुकीचे वाचले गेले तर बहुधा माल बिघडतो, येथे तेवढ्यावर भागत नाही.

अणुविखंडनातून बाहेर पडणारे बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी निघतात. अगदी थोडे न्यूट्रॉन काही सेकंदांच्या विलंबाने येतात आणि या विलंबामुळेच अणुभट्टीचे नियंत्रण करण्यास सवड मिळते. युरेनियम-२३५ मध्ये विलंबित न्यूट्रॉनांचे प्रमाण सुमारे ०.६५ टक्के असते. द्रुतप्रजनक अणुभट्टीचे मुख्य इंधन असलेल्या प्लुटोनियम-२३९ मध्ये ते त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. साहजिकच येथे चुकीला वाव कमी असतो.

दुसरी अडचण सोडियमची. या अणुभट्टीत १,२५० मेगावॉट इतकी उष्णता निर्माण होते आणि ती वाहून नेण्यासाठी पाण्याऐवजी सुमारे १,७५० टन द्रवरूप सोडियम वापरले जाते. गाभ्यात ते ३९७ अंश सेल्सियस तापमानाला शिरते व ५४७ अंशांना बाहेर पडते. सोडियम ८८३ अंशांना उकळते. त्यामुळे उकळण्यापूर्वी तीनशे अंशांहून अधिक अंतर हाताशी राहते आणि पात्रावर मोठा दाबही द्यावा लागत नाही. हे त्याचे गुण झाले. दोष असे की उष्ण सोडियम हवेत आले की पेटते, पाण्याशी भिडले की उग्र रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होतो. शिवाय हा वितळलेला धातू अपारदर्शक आहे. पाण्याने भरलेल्या अणुभट्टीचे झाकण उघडून आत कॅमेरा सोडता येतो. सोडियमच्या कुंडात असे काहीही दिसत नाही.

न दिसण्याची किंमत काय असते, याचा अनुभव कल्पाक्कमने घेतलेला आहे. याच आवारात १८ ऑक्टोबर १९८५ रोजी द्रुतप्रजनक चाचणी अणुभट्टी कार्यान्वित झाली. फ्रान्सच्या ‘रॅप्सोडी’ या अणुभट्टीच्या आराखड्यावर ती आधारलेली आहे. मे १९८७ मध्ये तिच्यातील इंधन हलवण्याचे काम सुरू असताना एक इंधन-जुडगा अडकून वाकला, मार्गदर्शक नळीही वाकली आणि पुढची सुमारे दोन वर्षे दुरुस्तीत गेली. सोडियमच्या पृष्ठभागाखाली नेमके काय घडत आहे, हे त्या वेळी प्रत्यक्ष पाहणारा डोळा नव्हता. संवेदकांनी जे सांगितले तेवढेच ज्ञात होते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील ‘फर्मी-१’ या अणुभट्टीत ५ ऑक्टोबर १९६६ रोजी घडलेली घटना याहून गंभीर होती. पात्राच्या तळाशी बसवलेला झिर्कोनियमचा एक पत्रा सुटला आणि सोडियमच्या वाटेत आडवा आला. काही इंधन-जुडग्यांना थंडावा मिळेनासा झाला व दोन जुडग्यांतील इंधन अंशतः वितळले. जुडग्यांच्या मुखाशी बसवलेले तापमापक अधिक तापमान दाखवत होते. प्रत्यक्षात अणुभट्टी बंद करण्यात आली ती इमारतीतील किरणोत्साराची धोक्याची सूचना मिळाल्यानंतर, आणि तीही माणसाच्या हाताने. द्रुतप्रजनक अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा आखणारा कोणताही अभियंता ही घटना विसरू शकत नाही.

तिघांची साक्ष

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट अणुभट्टीच्या गाभ्यात १८१ इंधन-जुडगे आहेत. प्रत्येक जुडगा म्हणजे एक षटकोनी नळी असून तिच्यात २१७ बारीक इंधन-शलाका बसवलेल्या असतात. शलाकांमधील फटींतून सोडियम वर चढते. या फटी अरुंद असल्याने एखादा लहानसा कणही वाट अडवू शकतो. म्हणून मध्यवर्ती जुडग्याची वेगळी व्यवस्था सोडता प्रत्येक जुडग्याच्या मुखाशी दोन थर्मोकपल बसवलेले आहेत.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा सांधा. सांधा तापला की तारांच्या टोकांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. क्रोमेल व अल्युमेल या प्रचलित जोडीत तो प्रत्येक अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट इतका असतो. म्हणजे तापमान दहा अंशांनी वाढले, तर संगणकाला जाणवणारा फरक एका व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी असतो. मोठमोठे पंप, मोटारी, वीजवाहक तारा यांच्या सान्निध्यातून एवढा क्षीण संदेश शेकडो ठिकाणांहून आणायचा, त्यात मिसळलेला विद्युत गोंगाट वेगळा काढायचा आणि थोड्याच अवधीत निर्णय करायचा, असे हे काम आहे.

हे काम एका संगणकावर सोपवलेले नाही. परस्परांपासून स्वतंत्र असे तीन संगणक तेच तापमान वाचतात, प्रत्येक जुडग्यासाठी अपेक्षित असलेल्या मूल्याशी पडताळतात आणि आपले मत देतात. तिघांपैकी दोघांनी धोका असल्याचे सांगितले तरच अणुभट्टी तत्काळ बंद करण्याची क्रिया सुरू होते.

तीनच संगणक का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एकच संगणक ठेवला आणि तो बिघडला तर पहारा संपला. दोन ठेवले आणि कोणाही एकाच्या सांगण्यावरून अणुभट्टी बंद करायची ठरवली, तर खोट्या इशाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट होते. दोघांचे एकमत झाल्याशिवाय बंद करायची नाही असे ठरवले, तर एक जरी मुका झाला तरी खरा धोका निसटतो. तिघांतील दोघांचे मत ग्राह्य धरले की एकाच्या खोटेपणाने काही बिघडत नाही आणि एकाच्या मौनानेही नाही. शिवाय देखभालीसाठी एक संगणक काढला तरी अणुभट्टी चालू ठेवता येते.

खोट्या इशाऱ्याची एवढी चिंता का, असाही प्रश्न विचारला जातो. शंका आली की भट्टी बंद करावी, त्यात नुकसान ते कोणते? वीज बुडते हे एक. परंतु मोठे कारण वेगळे आहे. अणुभट्टी अचानक बंद केली की उष्णतानिर्मिती क्षणात घटते आणि सोडियमचे तापमान झपाट्याने उतरते. सोडियम उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने हा धक्का थेट पोलादी भागांना बसतो. असे किती धक्के सोसायचे, याचा हिशेब भट्टीच्या आयुष्याच्या आराखड्यातच मांडलेला असतो. अकारण दिलेला प्रत्येक धक्का त्या शिलकीतून वजा होतो. त्यामुळे सुरक्षिततेच्या नावाखाली अतिसावध यंत्रणा बसवणे, हेही एका अर्थी असुरक्षितच ठरते.

संगणकांनी मत दिल्यानंतर अखेरची कृती मात्र आज्ञावलीच्या हाती ठेवलेली नाही. अणुभट्टी बंद करण्यासाठी न्यूट्रॉन शोषणाऱ्या बारा दांड्यांची योजना आहे. नऊ दांडे रोजच्या नियंत्रणासाठी व बंद करण्यासाठी, तर वेगळ्या बनावटीचे तीन केवळ बंद करण्यासाठी आहेत. हे दांडे विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेले असतात. चुंबकाचा प्रवाह तुटला की ते स्वतःच्या वजनाने सुमारे एका सेकंदात गाभ्यात उतरतात. वीज गेली, तार तुटली, परिपथ जळाला तरी परिणाम एकच, म्हणजे भट्टी बंद.

चुंबकाचा प्रवाह तोडायचा की नाही हे ठरवणारे दोन तर्कपरिपथ आहेत आणि ते हेतुतः भिन्न तत्त्वांवर बनवलेले आहेत. एकाच प्रकारचे दोन परिपथ ठेवले असते, तर त्यातील एखादा छुपा दोष दोहोंतही सारखाच राहिला असता. एका परिपथात अतिशय अल्पकाळाचे विद्युत ठोके सतत सोडले जातात. ते इतके क्षणिक असतात की चुंबकाला त्यांची दखल घेण्यास वेळच मिळत नाही, पण परिपथाचा प्रत्येक भाग वेळ पडल्यास काम करील की नाही याची चाचणी त्यातून होते. दुसऱ्या परिपथात सर्व काही आलबेल असल्याची खूण म्हणून ठोक्यांची एक मालिका अखंड चालू राहावी लागते. मालिका खंडित झाली, की तिचे कारण न विचारता दांडे खाली येतात. पहारेकरी दर घटकेला ‘जागा आहे’ असे ओरडतो, आणि त्याचा आवाज थांबला हाच धोक्याचा इशारा मानला जातो, तसा हा प्रकार आहे.

लिहिण्यापेक्षा तपासणेच अधिक

संगणकाची आज्ञावली हा या साऱ्यातील सर्वांत अवघड भाग आहे, असे म्हटल्यास अनेकांना आश्चर्य वाटेल. पोलादाचा सांधा क्ष-किरणांनी तपासता येतो. तो एका भाराला टिकला तर त्याहून कमी भाराला टिकेल असे मानता येते. आज्ञावलीबाबत असे काहीही गृहीत धरता येत नाही. ती दहा लाख वेळा बिनचूक चालेल आणि एका विशिष्ट संयोगात चुकेल. तीन संगणकांत एकच सदोष आज्ञावली असेल, तर तिघेही एकमताने चुकतील आणि तिघांची साक्ष कवडीमोल ठरेल.

म्हणूनच अशा संगणकांत आज्ञावली जाणीवपूर्वक दरिद्री ठेवतात. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या कल्पाक्कमच्या संगणकांत घरातील वा कार्यालयातील संगणकासारखी कार्यप्रणाली नसते. एकच कार्यक्रम ठरावीक क्रमाने वाचतो, तपासतो, निर्णय देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. स्मृतीतील जागा कार्यक्रम चालू असताना मागितली वा परत केली जात नाही, कारण कधीतरी जागाच न उरण्याचा धोका असतो. वापरलेल्या सी भाषेतील निसरड्या सोयी नियमांनी वर्ज्य केलेल्या असतात. संगणकाने ठरलेल्या वेळेत फेरी पूर्ण केली नाही, तर वेगळे घड्याळ-मंडल त्याला बिघडलेला ठरवते.

आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ती तपासायची नाही, असा दंडक आहे. स्वतंत्र गट मूळ गरजांपासून ओळ अन् ओळ पडताळतो आणि त्याची कागदपत्रे अणुऊर्जा नियामक मंडळापुढे जातात. लिहिण्यास लागलेल्या वेळेच्या अनेकपट वेळ या पडताळणीत खर्च होतो. हे केवळ भारतातील सरकारी दिरंगाईचे लक्षण आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात बंद करण्याच्या दोन्ही यंत्रणा संगणकीकृत करण्यात आल्या, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील नियामकांनी आज्ञावली निर्धोक असल्याचा पुरावा मागितला. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांच्या सल्ल्याने तक्ते मांडून ओळीओळीची तपासणी करावी लागली. बांधून तयार असलेले वीजकेंद्र काही काळ केवळ या कारणास्तव परवान्याची वाट पाहत राहिले होते.

जेथे संगणक थेट अणुभट्टी बंद करण्याचे काम करत नाहीत, परंतु सुरक्षेशी त्यांचा संबंध येतो, तेथे दोन संगणकांची जोडी असते. एक काम करतो, दुसरा तेच काम समांतर करत सज्ज राहतो व पहिला बिघडताच सूत्रे हाती घेतो. ही अदलाबदल करणारे मंडलच बिघडले तर काय, ही शंका रास्त आहे. त्यामुळे ते मंडल शक्य तितके साधे ठेवण्यावर भर दिला जातो.

तार तुटली की सोडियम गळाले

सोडियमच्या नळ्यांभोवती, उष्णतारोधक आवरणाखाली, चिनी मातीच्या मण्यांत ओवलेली निकेलची तार गुंडाळलेली असते. नळीला चीर पडून सोडियम झिरपले की ते तार आणि नळी यांना जोडते, विद्युतपरिपथ पूर्ण होतो व इशारा मिळतो. युक्ती साधी आहे. परंतु तार मध्येच तुटली तर? मग पलीकडे सोडियम गळाले तरी परिपथ पूर्ण होणार नाही आणि नियंत्रण कक्षात सर्व काही सुरळीत असल्याचेच दिसेल. यासाठी तारेच्या दूरच्या टोकाला ठरावीक रोध जोडून त्याचे मूल्य सतत मोजता येते. मूल्य जसेच्या तसे असेल तर ठीक, शून्याकडे गेले तर गळती, अमर्याद वाढले तर तार तुटलेली. ‘धोका नाही’ आणि ‘मला कळत नाही’ ही दोन उत्तरे वेगळी ठेवणे, हे नियंत्रण अभियांत्रिकीतील अर्धे शहाणपण आहे.

बाष्पजनित्रात हा प्रश्न अधिक बिकट होतो. या अणुभट्टीस आठ बाष्पजनित्रे आहेत. त्यांत पातळ नळ्यांच्या आत वातावरणाच्या सुमारे १७० पट दाबाचे पाणी व वाफ, तर बाहेर कमी दाबाचे सोडियम असते. नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी वाफेचा झोत सोडियममध्ये घुसतो आणि शेजारची नळीही कापू लागतो. तत्कालीन सोव्हिएत संघातील ‘बीएन-३५०’ या अणुभट्टीला १९७३ साली अशा गळत्यांचा मोठा फटका बसला होता. गळती सुरुवातीसच ओळखण्यासाठी सोडियममध्ये विरघळलेला हायड्रोजन मोजतात. निकेलच्या पातळ पापुद्र्यातून हायड्रोजन आरपार जातो, सोडियम जात नाही. पापुद्र्यापलीकडील निर्वात पोकळीत जमणारा हायड्रोजन मोजला की गळतीचा सुगावा लागतो.

कधी कधी मात्र पहारेकऱ्यामुळेच घरफोडी होते. जपानमधील ‘मोन्जू’ या अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम सोडियम-परिपथाच्या नळीतील तापमापकाची म्यान प्रवाहाच्या कंपनांमुळे तुटली आणि तिच्या जागेतून सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर येऊन पेटले. प्राणहानी झाली नाही, पण गळतीची चित्रफीत दडपण्याचा प्रयत्न उघड झाल्याने जनतेचा विश्वास उडाला. अणुभट्टी पुन्हा सुरू होण्यास २०१० साल उजाडले आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती कायमची मोडीत काढण्याचा निर्णय झाला. संवेदक जितके अधिक तितकी सुरक्षितता अधिक, हे गणित त्यामुळे सर्वत्र लागू पडत नाही. नळीत खुपसलेला प्रत्येक तापमापक हा नळीला पाडलेला एक भोकही असतो.

माणसापुढचा पडदा

एवढे सारे मोजल्यावर ते माणसाला दाखवायचे असते. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील २८ मार्च १९७९ च्या अपघाताने या बाबतीत जगाला धडा दिला. तेथे एक झडप उघडी अडकली होती, पण नियंत्रण कक्षातील दिव्यावरून ती बंद असल्याचे भासत होते. तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला बंद होण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच तो सांगत होता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजू लागले आणि संगणकाचे छपाईयंत्र इतके मागे पडले की त्यावर उमटणारी माहिती दोन तासांहून जुनी होती. संगणक खोटे बोलत नव्हता. त्याचे खरे बोलणे उशिरा पोहोचत होते.

कल्पाक्कममध्ये म्हणूनच प्रशिक्षणासाठी नियंत्रण कक्षाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आली. तीत अणुभट्टीऐवजी तिचे गणिती प्रतिरूप चालते. पंप बंद पडला, नळी गळू लागली, वीज गेली अशी संकटे कृत्रिमरीत्या निर्माण करून प्रचालकांची तयारी करून घेतली जाते. याचा दुसरा उपयोगही मोलाचा आहे. पडद्यावरील मांडणी गोंधळात टाकणारी असेल तर ते खऱ्या भट्टीपूर्वी येथे उघडकीस येते.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा कल्पाक्कमवर आदळल्या. द्रुतप्रजनक अणुभट्टीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी भरले. शेजारच्या मद्रास अणुवीज केंद्राच्या पंपगृहातही समुद्राचे पाणी शिरून पंप बंद पडले आणि त्या वेळी चालू असलेले दुसरे युनिट सुरक्षितपणे बंद करण्यात आले. त्सुनामी हा शब्दही तोवर भारतात फारसा परिचित नव्हता. कोणत्याही आज्ञावलीत त्या नावाची ओळ असण्याचे कारण नव्हते, पण पंप थांबल्यावर काय करायचे हे यंत्रणेला आणि माणसांना ठाऊक होते.

तुर्भ्यापासून कल्पाक्कमपर्यंत

या कामाची पूर्वपीठिका महाराष्ट्रात आहे. मुंबईतील तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘टीडीसी-१२’ हा संगणक तयार झाला. नावातील ‘टी’ हे अक्षर तुर्भ्याच्या इंग्रजी नावाचे आहे. पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने या मालिकेतील संगणकांचे उत्पादन केले. तारापूरची पहिली दोन युनिटे १९६९ साली सुरू झाली ती अमेरिकी यंत्रसामग्रीवर. त्याच तारापूरमध्ये २००५ आणि २००६ साली कार्यान्वित झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन युनिटांत देशात विकसित झालेल्या संगणकीकृत नियंत्रण यंत्रणा बसवण्यात आल्या.

या स्वावलंबनामागे केवळ स्वदेशीचा अभिमान नव्हता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुतंत्रज्ञान मिळण्याचे मार्ग आक्रसले. १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्र व इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांना निर्बंधांच्या यादीत टाकले. यादीतील ही दोन्ही नावे जानेवारी २०२५ मध्ये वगळण्यात आली. मधल्या काळात तयार नियंत्रण प्रणाली विकत आणण्याचा पर्याय कल्पाक्कमपुढे जवळपास नव्हता. जी यंत्रणा आतून तपासता येत नाही ती अणुभट्टीवर बसवणे इष्ट आहे का, हा प्रश्न निर्बंध नसतानाही उरलाच असता.

तो प्रश्न किती खरा आहे हे २०१० साली दिसून आले. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्रात ‘स्टक्सनेट’ नावाचा संगणकीय विषाणू शिरल्याचे उघड झाले. तो यंत्रांची गती बिघडवत असे आणि त्याच वेळी आधी नोंदवून ठेवलेली निर्दोष आकडेवारी नियंत्रण कक्षाला दाखवत असे. २०१९ साली तमिळनाडूतीलच कुडनकुलम केंद्राच्या एका संगणकात घातक आज्ञावली आढळली. आधी असा हल्ला शक्यच नसल्याचे निवेदन करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबर रोजी अणुवीज महामंडळाने ती बाब मान्य केली व बाधित संगणक प्रशासकीय जाळ्यातील असून नियंत्रण यंत्रणेशी त्याचा संबंध नसल्याचे स्पष्ट केले. नियंत्रणाचे संगणक बाह्य जाळ्यांपासून पूर्णतः अलग ठेवणे ही पहिली तटबंदी होय. पण नतान्झचे संगणकही महाजालाशी जोडलेले नव्हते, हे लक्षात ठेवावे लागते.

कल्पाक्कमच्या यंत्रणेपुढे आणखी एक, काहीसा नीरस वाटणारा प्रश्न आहे. तिच्या नियंत्रक संगणकांच्या मांडणीत मोटोरोला कंपनीच्या ६८०२० या चिपचा वापर करण्यात आला. ही चिप १९८४ साली बाजारात आली होती. अभियंत्यांनी जुनी चिप निवडली याचे हसू येण्याजोगे काही नाही. तिचे गुणदोष जगाने वर्षानुवर्षे पारखलेले होते आणि ती एखादी सूचना पार पाडण्यास किती वेळ घेईल हे आधी सांगता येत होते. नव्या, वेगवान चिपबाबत तशी खात्री देता येत नाही. मात्र पारखून घेतलेली वस्तू बाजारातून लवकर नाहीशी होते. पोलादी पात्राचे आयुष्य ४० वर्षांचे धरलेले आहे. इलेक्ट्रॉनिक पाटीचे सुटे भाग पंधरा-वीस वर्षांतच मिळेनासे होतात, आणि येथे तर बांधकामालाच तेवढा काळ लागला.

शेजारच्या चाचणी अणुभट्टीने हा अनुभव आधीच घेतलेला आहे. ती आपल्या ४० मेगावॉट या पूर्ण औष्णिक क्षमतेला मार्च २०२२ मध्ये, म्हणजे कार्यान्वित झाल्यानंतर छत्तीस वर्षांनी पोहोचली. तोवर तिच्या नियंत्रण कक्षातील मूळ संगणक केव्हाच बदलून झाले होते. मोठ्या अणुभट्टीच्या बाबतीतही संगणक बदलावे लागतील. मात्र नवी पाटी बसवली की तिच्यावरील आज्ञावलीची ओळीओळीने पडताळणी, स्वतंत्र गटाचा अहवाल आणि नियामक मंडळाची संमती हे सारे पुन्हा करावे लागते. जुनी यंत्रणा काढून नवी बसेपर्यंतही तिघांपैकी दोघांची साक्ष खंडित होता कामा नये.